सालमियाचे गाऱ्हाणे

कुवेतमधील सालमिया या समुद्रकाठच्या उपनगराचा इतिहास मराठीत कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. माझे वाचन मर्यादित आहे हे मान्य करूनही सदर विधान मी जबाबदारीने करतो. येथे बँकांत आणि संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणारी आपली सुशिक्षित मंडळी पुष्कळ आहेत. परंतु ती सकाळी मोटारीत बसतात, संध्याकाळी मोटारीतून उतरतात, आणि मधल्या सालमियाशी त्यांचा संबंध पार्किंगपुरता येतो. मी अर्ज लिहितो. शेजारच्या हवल्ली भागातील एका टायपिंगच्या दुकानात, झेरॉक्सच्या यंत्राला लागून माझे टेबल आहे. माणसे आपली अडचण हिंदीत, मराठीत किंवा नुसत्या हातवाऱ्यांनी सांगतात, मी तिला वाक्यांत बसवतो आणि शेजारचा इजिप्शियन टंकलेखक तिचे अरबी करतो. माझी शाळा परिस्थितीमुळे लवकर सुटली. तथापि माझा एक अर्ज वाचून, हा कोणत्या वकिलाने लिहिला, अशी चौकशी एका अधिकाऱ्याने केली होती, असे टंकलेखकाने मला सांगितले आहे.

अलीकडे मात्र मी थकलो आहे. अर्जातली माणसे बदलतात, विनंती तीच राहते. मुदत वाढवून मिळावी, बदली रद्द व्हावी, कृपादृष्टी असावी. संध्याकाळी बसने सालमियाला परतताना हे शब्द डोक्यात मोकळ्या डब्यासारखे वाजत राहतात.

अर्जाची सुरुवात मी नेहमी इतिहासाने करतो. टंकलेखकाला ते पसंत नाही. त्याच्या मते अधिकारी पहिला परिच्छेद वाचतच नाहीत. माझे मत असे की, माणूस कोठे उभा आहे हे आधी सांगितल्याशिवाय तो काय मागतो आहे याला वजन येत नाही. म्हणून येथेही प्रथम जागेविषयी.

सालमियाला पूर्वी दिमना म्हणत. समुद्राला चिकटलेली कोळ्यांची लहानशी वस्ती, काही विहिरी आणि मागे वाळू. शहरातली माणसे हवा चांगली असताना येथे मुक्कामाला येत. पुढे तेल निघाले, वाळूवर फूटपट्टीने रेघा ओढल्यासारखे रस्ते झाले, इमारती झाल्या, आणि नाव सालमिया पडले. ते का पडले याच्या मी तीन निरनिराळ्या हकिकती ऐकल्या असून तिन्हींवर माझा विश्वास नाही. दुकाने आली, सिनेमा आला, पॅलेस्टिनी शिक्षक, इजिप्शियन हिशेबनीस आणि आपल्याकडचे कारागीर आले. युद्धाच्या वर्षी निम्मे उपनगर रिकामे झाले आणि नंतर वेगळ्याच माणसांनी भरले. आता किनाऱ्याने काचेची दुकाने आहेत आणि त्यांच्या पाठीमागे एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या जुन्या इमारती, ज्यांच्या एसीचे पाणी पादचाऱ्याच्या मानेवर पडते. समुद्र दोन मिनिटांवर असूनही खिडकीतून दिसत नाही. या उपनगराचा स्वभाव असा की येथे कोणीही कितीही वर्षे राहिला तरी सालमिया त्याला पाहुणाच समजते. पाहुण्याला चहा मिळतो. ‘कायम राहा’ असे कोणी म्हणत नाही.

अशाच एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर गावाची खोली होती. तळकोकणातल्या एका गावाची माणसे, सुतार, प्लंबर, वेल्डर, ड्रायव्हर, पिढ्यानुपिढ्या तेथे राहत आलेली. एक जण कायमचा गावी गेला की त्याच्या पलंगावर त्याचा पुतण्या किंवा शेजारी येई. आजारी पडलेल्याचे आणि काम सुटलेल्याचे जेवण खोलीतून चाले आणि त्याची वाच्यता होत नसे. माझे गाव त्याच जिल्ह्यातले, पण घाटाच्या पायथ्याचे. म्हणून मी खोलीचा सभासद नव्हतो. शुक्रवारी दुपारी बांगड्याच्या तिखल्याला मात्र मला बोलावणे असे.

खोलीतले सर्वांत वडील गृहस्थ, ज्यांना सगळे आबा म्हणत, राई या कारखान्यांच्या भागात एका फर्निचरच्या कारखान्यात लाकडाला पॉलिश करीत. काचबिंदूने त्यांची नजर बाजूंनी विझत आली होती आणि मधे जे उरले होते तेही धुरकट झाले होते. कारखान्याला हे ठाऊक नव्हते. ठाऊक झाले असते तर त्यांना पहिल्या विमानाने घरी धाडले असते. मुलीचे नर्सिंगचे शिक्षण पुरे होईपर्यंत आबांना येथे टिकायचे होते. त्यापलीकडे त्यांचे काही मागणे नव्हते. लाकूड ते बोटांनी ओळखत, त्यामुळे कामात अडत नव्हते. प्रश्न खोली ते बस आणि बस ते खोली एवढ्या वाटेचा होता, आणि ती वाट त्यांना पाठ होती. निदान माझी तशी समजूत होती.

त्यानंतर जिन्यात नोटीस लागली. इमारत यापुढे फक्त कुटुंबांना भाड्याने दिली जाईल, एकट्या पुरुषांनी महिनाअखेर जागा सोडावी. खोलीतली मंडळी माझ्याकडे आली. आली म्हणजे त्यांनी मला शुक्रवारच्या जेवणानंतर उठू दिले नाही.

“वकीलसाहेब,” खोलीतला ड्रायव्हर म्हणाला. तो मला याच नावाने हाक मारी आणि त्यात आदर किती हे मी कधी तपासले नाही. “तुम्ही एवढे लोकांचे अर्ज लिहिता. आज आमचे बांगडे वसूल होऊ देत.”

मी परिस्थिती समजावून घेतली. आबांना नव्या भागात नेणे म्हणजे त्यांना उघडे पाडणे होय. नवे रस्ते, नवा जिना, नवा बसथांबा. ते पहिल्या आठवड्यात कोठेतरी पडतील आणि इस्पितळातून बातमी कारखान्यात जाईल. हे अर्जात लिहिता येण्यासारखे नव्हते. मग कोणता मुद्दा उरतो? मी त्यांना सांगितले, जागेचा मुद्दा उरतो. गावाची खोली सालमियाच्या वाढीबरोबर वाढली, येथले दरवाजे, नळ, खिडक्या तुमच्या गावाने बसवल्या, तुम्ही या उपनगराच्या इतिहासाचा भाग आहात. सबब तुम्हांस येथून उठवणे अन्यायाचे आहे. आबा भिंतीला टेकून बसले होते. ते एवढेच म्हणाले की, बरां आसा, लिही.

अर्ज मी चार रात्री जागून लिहिला. तो मी लिहिलेला सर्वांत चांगला अर्ज आहे असे मला त्या वेळी वाटले, आणि त्यातल्या भाषेपुरते मी आजही तसेच म्हणेन.

इमारतीचे मालक वृद्ध कुवेती गृहस्थ होते. व्यवहार त्यांचा मुलगा पाही. परंतु म्हाताऱ्याचा शब्द अजून चालतो असे इमारतीचा रखवालदार म्हणाला, आणि त्यानेच भेट ठरवली. संध्याकाळच्या नमाजानंतर आम्ही त्यांच्या दीवानियात, म्हणजे पुरुष पाहुण्यांच्या बैठकीत गेलो. भिंतीलगत चारी बाजूंनी बसण्याच्या गाद्या, मधोमध मोकळा गालिचा. मालक कोपऱ्यात पाय वर घेऊन बसले होते. ते मुंबईची हिंदी बोलत. लहानपणी वडिलांबरोबर गलबतावरून मुंबईला जात आणि येथे तेव्हा आपलाच रुपया चाले, हे त्यांनी आम्ही बसण्याआधीच सांगून टाकले. मुलगा मोबाइलमध्ये पाहत होता.

मी उभा राहून अर्ज हिंदीत वाचला. मालक डोळे मिटून ऐकत होते. दिमना हा शब्द आला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. विहिरींचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि सांगितले की गोड्या पाण्याच्या विहिरी त्या अंगाला होत्या, तू म्हणतोस त्या अंगाचे पाणी जनावरेही पीत नसत. मी दुरुस्ती केली. शेवटी ते म्हणाले की लिहिले छान आहे, पण आता तुमच्यातला सर्वांत म्हातारा बोलू दे.

आबा उठले. येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. आबांचे घर गावकराचे. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्या घराकडे. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभ्याने, हात जोडून केलेली गावाची मागणी. अर्जाचाच तो जुना आणि माझ्या मते अधिक चांगला प्रकार आहे. त्यात आधी गावाच्या सीमेवरची ठिकाणे एकामागून एक घ्यायची असतात. एकही सुटता कामा नये. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी रुकार द्यायचा असतो. जमिनीच्या मालकापुढे उभे राहून बोलायची दुसरी कोणतीच रीत आबांना ठाऊक नव्हती. त्यांनी डोके झाकण्यासाठी खांद्यावरचा रुमाल डोक्यावर घेतला, हात जोडले आणि सुरुवात केली.

“बा मालका म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात उभी आसत.”

“व्हय म्हाराजा,” खोलीतले सगळे एका सुरात म्हणाले. ठरवून नव्हे. ती सवय माणसाच्या घशातच असते. ड्रायव्हरचा चहा त्या भरात बशीत सांडला.

मुलाने मोबाइल खाली ठेवला. मी वाक्यागणिक हिंदी करू लागलो.

आबा सालमियाच्या सीमा घेत होते. वरच्या अंगाला सिनेमाघर आहे, त्याच्या दिव्यांची माळ आहे. व्हय म्हाराजा. खालच्या अंगाला मासळीचे ओटे आहेत, समुद्र त्यांचे पाय धुतो आहे. व्हय म्हाराजा. चौकात कारंजे आहे, त्याच्या कठड्यावर संध्याकाळी पोरे बसली आहेत. व्हय म्हाराजा. मी भाषांतराच्या ओघात होतो. वाक्य नीट बसते आहे की नाही याकडेच माझे लक्ष होते. म्हातारा पुढे झुकून ऐकत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

“आमच्या खिडकीसमोर तुझी बोर उभी आसा. रोज सकाळी मी तिका बघतंय. ती साक्षीक आसा. जी काय चूक झाली आसात ती पोटात घाल, आनि ही लेकरां हयच ठेव.”

“व्हय म्हाराजा.”

मी त्याचेही हिंदी केले आणि खाली बसलो.

मुलगा हसला. वाईट हसला नाही, कोणीही हसेल तसे हसला. तो बापाला अरबीत काहीतरी म्हणाला. म्हाताऱ्याने त्याला हाताने गप्प केले आणि आबांना विचारले, “वो झाड तो हमने काट दिया. गाड़ी रखने को जगह बनाया. तुम रोज सुबह किधर देखता है?”

आबा उभेच होते. ते आवाजाच्या दिशेने पाहत होते, पण थोडे बाजूला, जेथे म्हाताऱ्याच्या शेजारी रिकामी गादी होती. कारंजे उखडून सिग्नल बसवला होता, सिनेमा केव्हाच पाडला होता, ओट्यांच्या जागी रेस्टॉरंट होते. हे त्या बैठकीत प्रत्येकाला माहीत होते, आणि खोलीतला प्रत्येक जण त्यावर व्हय म्हणाला होता.

“दिखता नहीं है ना?” म्हातारा हळू आवाजात म्हणाला.

 ड्रायव्हर उठून आबांच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

 म्हाताऱ्याने मुलाला बजावले की ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. आम्हाला ऐकू यावे म्हणून ते त्याने हिंदीतून बजावले. त्यानंतर त्याने निर्णय दिला. इमारत कुटुंबांना देण्याचे ठरले आहे, ते बदलणार नाही. मुलाने बोलणी केली आहेत. परंतु तळमजल्यावर रखवालदाराच्या खोलीशेजारी एक लहान खोली आहे. तेथे या बुजुर्गाने राहावे, हवे तितके दिवस. “इसको इधर का रस्ता मालूम है,” तो म्हणाला. “ये इधरच रहेगा.”

आम्ही उठलो. प्रत्येकाने त्याच्याशी हात मिळवला. दारात पोहोचेपर्यंत मी पुढची वाक्ये मनात जुळवू लागलो होतो. अर्जाचा मुख्य हेतू सफल झाला होता. सर्वांसाठी नाही, पण ज्याच्यासाठी लिहिला त्याच्यासाठी झाला होता. रस्त्यावर आल्यावर मी आबांचे अभिनंदन केले.

आबा म्हणाले की ते राहणार नाहीत.

मी त्यांना शांतपणे समजावले. जिना नाही, तळमजला आहे. बसथांबा तोच आहे. वाट पाठ आहे. भाषेचा नाही, साध्या अकलेचा प्रश्न आहे. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण ड्रायव्हरने मला कोपराला धरून बाजूला घेतले.

“वकीलसाहेब, वाट कुठली पाठ? सकाळी आमच्यातला एक जण पुढे चालतो. खोकत, नाहीतर फोनवर बोलत. फोनवर कोणी नसतं. ते आवाजामागून येतात. संध्याकाळी बस थांबते तिथे एक जण उभा असतो. आज तू, उद्या मी. हे कधीपासून चाललंय.”

मी विचारले की हे मला आधी का सांगितले नाही. मुद्दा वेगळा घेता आला असता. विनंतीचे कलमच वेगळे लिहिले असते.

“तुम्ही विचारलंत कुठे?”

आणि बोरीचे झाड? ते तोडल्याचे आबांना कोणी सांगितले कसे नाही?

तो खांदे उडवून म्हणाला, “सकाळी विचारायचे, बोरीला फळं धरली का रे. आम्ही म्हणायचो, धरली. त्यांना दिसायचं ना ते झाड. मग आम्ही कशाला तोडायचं?”

आबा आमच्याकडे पाठ करून उभे होते. पण ऐकू त्यांना सगळे येत असे. ते वळले आणि मला म्हणाले, “बाबा, तुझो अर्ज बरो होतो. पन त्यात मानसा खंय होती? सगळी जागाच होती.”

 बोलण्यासारखे पुष्कळ होते. अर्जाच्या तिसऱ्या परिच्छेदात मी सुतार, प्लंबर आणि वेल्डर यांचा आदरपूर्वक उल्लेख केला होता. पण रस्त्यात उभे राहून माणूस परिच्छेद किती दाखवणार.

खोलीतल्या मंडळींनी फरवानियात जागा पाहिली. समुद्रापासून दूर, भाडे जवळपास तेच, पलंग तितकेच बसतात, आणि राईचा कारखाना उलट जवळ पडतो. नवी वाट आधी कोणी तरी दोनदा चालून पाहिली, कोठे फूटपाथ तुटला आहे, कोठे मोटारी आडव्या लावतात. पुढे कोणी चालायचे याची पाळी ठरली. आबांना त्यातले काही विचारले गेले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. आबांना तळमजल्याची खोली नको असल्याचे मालकाला कळवायचे होते. तो कागद मी लिहिला. त्यात इतिहास घातला नाही. टंकलेखकाने तो उलटसुलट करून पाहिला आणि पुढचे पान कोठे आहे असे विचारले.

सामान हलवायच्या दिवशी शुक्रवार होता. खाली टेम्पो उभा होता, ड्रायव्हर गाद्या बांधत होता, बाकीचे गॅसची शेगडी आणि भांडी उतरवत होते. आबांना खाली न्यायला मोकळा मीच होतो. दुसऱ्या मजल्यावरून आम्ही निघालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका होता आणि त्याला पॉलिशचा वास होता. गप्प चालणे मला कधी जमलेले नाही, शिवाय प्रसंगाला काही शब्द हवेत असे मला वाटले. मी बोलू लागलो. ही इमारत उभी राहिली तेव्हा समोर मोकळी वाळू होती आणि गच्चीवरून समुद्र दिसत असे. या जिन्याचा कठडा, आबा, तुमच्याच गावच्या सुताराने...

हाताने खांदा दाबला.

“इतिहास पुरे, बाबा,” आबा म्हणाले. “पायरी खंय संपता तां सांग.”

जिन्यात वीज नव्हती. मलाही नीट दिसत नव्हते. मी पाय पुढे करून चाचपले आणि म्हणालो, अजून एक आहे. मग आणखी एक आहे. मग सपाट आहे.